ब यादी

श्रावण लागायच्या आधीच तुकारामचं सोयाबीन पिवळं पडायला लागलं. पहिल्यांदा बांधाकडची चार रोपं, मग एक पट्टा, मग बघता बघता सगळे अडीच बिघे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, मोहरी फुलली आहे. तुकाराम रोज सकाळी शेतात जायचा, एक पान तोडायचा, उलटंपालटं करून बघायचा आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. धुणं धुताना सून नीतू खिसे उलटे करी, तेव्हा मूठभर पिवळी पानं खाली पडत.  पानं गोळा करून ओट्यावर ठेवी आणि सदरा पिळी.

घरात चार माणसं. तुकाराम, त्याचा मुलगा धीरज, नीतू आणि तिची तिसरीतली पोर चिऊ. तुकारामचे कोणी खापरपणजोबा दक्षिणेतून धारच्या सरकारात घोड्यांना नाल ठोकायला आले होते. मग घोडे गेले, सरकार गेलं आणि नालवाले तिरल्यापलीकडच्या खेडीपुऱ्यात येऊन थांबले. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी. चिऊला तिन्ही भाषांत बोलता यायचं आणि एकीतही वाचता येत नव्हतं.

गावात बारावी पास झालेली बाई एकच, ती नीतू. म्हणून तिला काम मिळालं. देवासला ऑफिस असलेली एक संस्था धार आणि देवासच्या गावांमध्ये शोध करत होती. मुलांना शाळा सुटल्यावर रोज एक तास वेगळं शिकवलं, तर त्यांना वाचता यायला लागतं का, हा तो शोध. तुकारामला वाटलं, हे तर त्यांनी त्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण शोध हा शोध असतो, आणि पगार दर महिन्याला मिळणार होता. सोयाबीनकडे बघून कोणी जास्त बोललं नाही.

देवासचा मयुरेश काम बघायला यायचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, मराठीच, टॅब्लेट छातीशी धरून मोटारसायकलवरून उतरणारा. जुलैत पाहुण्या बायकांनी येऊन तिसरी ते पाचवीच्या शेहेचाळीस पोरांच्या वाचनाची तपासणी केली, आणि दुसऱ्या दिवशी मयुरेशने शाळेच्या ओसरीत सगळ्यांसमोर टॅब्लेटचं बटण दाबलं. तेवीस नावं अ यादीत गेली, तेवीस ब यादीत. अ ला शिकवायचं, ब ला नाही. वर्षाच्या शेवटी दोघांमधला फरक बघायचा. फरक दिसला तर पुढच्या वर्षी ब चा नंबर.

"कोणी निवडलं मग हे?" धीरजने विचारलं.

"कोणीच नाही भिया. तीच तर खासियत आहे. माणसाने निवडलं तर शोध बाद होतो."

"देवाने पण नाही?"

"देवाने पण नाही."

चिऊ ब मध्ये गेली. नीतूने वाट पाहिली, सगळे पांगल्यावर जवळ जाऊन सांगितलं की सर, ही माझीच मुलगी आहे. मयुरेशने मान हलवली. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. म्हणाला, "ताई, मशीनला ते माहीत नाही." मग त्याने तिच्याकडून एका कागदावर सही घेतली. ब यादीतल्या कोणालाही वर्गात, वर्गाबाहेर किंवा घरी शिकवणार नाही.

आता शाळेची दुसरी खोली पंचायतीच्या सिमेंटने भरलेली, आणि पहिल्या खोलीची किल्ली उमाशंकर माट्साब दोन वाजता खिशात घालून मतदारयादीच्या कामाला निघत. पाच वर्गांना ते एकटेच मास्तर. त्यामुळे नीतूचा वर्ग तिच्याच घराच्या ओसरीत भरायचं ठरलं. म्हणजे दुपारी तीन ते चार सगळ्या गल्लीची पोरं चिऊच्या घरात, आणि चिऊ घराबाहेर.

घराबाहेर म्हणजे किती बाहेर, हा प्रश्न मयुरेशने पहिल्याच दिवशी सोडवला. नीतूला ओसरीत उभं राहून क ख ग घ ओरडायला लावलं आणि चिऊचं बोट धरून तो चालत सुटला. हातपंपाशी थांबून विचारलं, ऐकू येतं का. येतं. बाभळीपाशी, येतं. तुकारामच्या शेताच्या बांधावर पोहोचल्यावर चिऊ म्हणाली, आता नाही येत. पाऊस भुरभुरत होता, सोयाबीन चिऊच्या कमरेएवढं होतं, आणि नीतूचा आवाजही बसला होता. मयुरेशने तिथे एक दगड ठेवला, त्याला चुना फासला आणि फोटो काढला. गावात त्याला ब चा दगड म्हणायला लागले.

रोज तीनला तुकाराम नातीला घेऊन त्या दगडावर जाऊन बसायचा. रोझडे, म्हणजे नीलगाई, हाकलायचं निमित्त होतं. रोझडे यायचे, पिवळं पान तोंडात घ्यायचे, थुंकायचे आणि पुढच्याच्या शेतात जायचे. तरी दोघं हाळ्या द्यायची. राखण सोडून चालत नाही.

अ च्या पोरांना छातीला लावायला पिवळे बिल्ले मिळाले. चिऊने सोयाबीनचं पान टाचणीने फ्रॉकला लावलं आणि दोन दिवस ती तशीच हिंडली. तिसऱ्या दिवशी ते वाळून गळालं. मयुरेशच्या ते लक्षात आलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्याने तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा आणला, पण देण्याआधी ऑफिसला फोन करून विचारून घेतलं. बिस्किटाने काही फरक पडत नाही असं तिकडून कळल्यावर दिला.

घरी अक्षरांचे पुठ्ठे तयार करायचं काम नीतूकडे होतं. कणकेची खळ शिजवायची, कागद चिकटवायचे, दोरीवर वाळत घालायचे. चिऊ खळ ढवळायची. सगळे पुठ्ठे नीतू उलटे, कोरी बाजू पुढे करून टांगायची. वारा आला की ते फिरायचे.

"हे काय गं आई?"

"मला नाही माहीत."

"तू तर शिकवतेस."

"तीन ते चार माहीत असतं."

भादव्यात सोयाबीन कापलं. विळ्याने कापायला दोन दिवस लागले असते, एका दिवसात उरकलं, कारण मूठ भरतच नव्हती. शेंगा चिमटीत दाबल्या की हवा निघायची. थ्रेशरवाला खळ्यावर आला, ढीग बघितला, आणि इंजिन चालू न करता चहा पिऊन गेला. धीरज दुसऱ्यांच्या शेतात लसूण लावायला जाऊ लागला. दिवसभर उकिडवं बसून एकेक पाकळी ओल्या मातीत खोचायची. बोटांची टोकं फाटली, लसणाचं पाणी आत जायचं. जेवताना तो भाकरी तळहाताने मोडायचा. नीतूचा पगार तेवढा घरात येत राहिला, आणि तुकाराम सुनेसमोर ताट पुढे करताना मान खाली घालू लागला. तिने बघूनही न बघितल्यासारखं केलं.

आणि एक गोष्ट मयुरेशच्या लक्षात आली नाही. त्याने दगड ठेवला तेव्हा पीक उभं होतं. कापणी झाली, रान उघडं पडलं, पश्चिमेचा वारा सुटला, आणि ओसरीतल्या तेवीस पोरांचा आवाज थेट दगडावर येऊन आदळू लागला. पोरं एकेक अक्षर, एकेक शब्द ताल धरून ओरडत. चिऊ विळ्याच्या टोकाने भुईवर दोरीवरच्या पुठ्ठ्यांसारख्या रेघोट्या ओढू लागली. तुकाराम रोझड्यांकडे बघत बसायचा. घरी येऊन त्याने कधी काही सांगितलं नाही. त्याने कुठल्या कागदावर सही केली नव्हती.

पौषातल्या एका सकाळी नीतू फवारणीचा पंप धूत होती. लसणावर मारायच्या औषधाचा डबा बाजूला पडला होता. चिऊ त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि बोट फिरवत, अडखळत, पण एका दमात म्हणाली, "बच्चों की पहुँच से दूर रखें।"

नीतूच्या हातातला पंप तिथेच राहिला. तिने पोरीला ओढून छातीशी धरलं, ओल्या हातांनी तिचं सगळं तोंड ओलं केलं. मग तिने गल्लीकडे बघितलं, आणि उठून दार लोटून घेतलं.

याला मयुरेश गळती म्हणायचा. शिकवणं अ मधून ब मध्ये गळतं, आणि मग फरक दिसत नाही. देवासकडच्या एका गावात शिकवणाऱ्या दीदीचे दोन पुतणे ब मध्ये असून वाचताना सापडले, तर त्या दीदीचं काम गेलं होतं. धीरजला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. चांगलंच झालं ना, म्हणाला. मग स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. दोघांनाही कळत होतं की चिऊ वाचते, आणि हे कोणालाही कळता कामा नये.

फेब्रुवारीत तपासणीचा दिवस आला. सकाळी नीतूने चिऊला पायऱ्यांवर बसवलं, तेल लावलं, आणि वेणी घालता घालता सांगितलं.

"आज बाई पुस्तक दाखवतील. तुला वाचता येत नाही."

"येतं."

"येतं. आज येत नाही."

चिऊने जरा विचार केला. "उद्या येईल?"

"उद्या येईल."

पण नुसतं सांगून भागणारं नव्हतं. चिऊने करून दाखवलं तेव्हा ती झटकन "नहीं आता" म्हणाली, आणि नीतूने डोक्याला हात लावला. सात महिने ती वाचता न येणाऱ्या पोरांसमोर बसली होती. "अशी पटकन नाही म्हणू नको. ज्यांना येत नाही ती मुलं पटकन नाही म्हणत नाहीत. ती वाट बघतात." मग तिने एक पुठ्ठा घेतला आणि नीट शिकवलं. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवायचं. मनात तीन मोजायचे. बाईंच्या तोंडाकडे बघायचं. मग खाली बघायचं. आणि सगळं अगदीच मुकं वाटू नये म्हणून शेवटी नाक खाजवायचं. नाक नीतूच्या डोक्यातून आलं होतं, वर्गातलं कोणी नाक खाजवत नसे. चार वेळा करून घेतल्यावर चिऊला जमलं. आईने तिला शिकवलेला तो पहिलाच धडा, आणि पोर हुशार होती.

शेजारची अक्का ताक मागायला आली होती, ती दारातच उभी राहून सगळं बघत होती. तिचा नातू राजवीर पाचवीत, ब यादीतला. अक्काने धडा शेवटपर्यंत बघून घेतला. ताक घेतलं आणि हातपंपावर गेली. तिथे तिने बायांना सांगितलं ते एवढंच, की ब च्या पोरांनी वाचून दाखवलं तर नीतूचं काम जाईल, आणि ब ला वाचताच येतं म्हटल्यावर पुढच्या वर्षी आपला नंबरही लागणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बायांनी घागरी तशाच ठेवल्या आणि आपापल्या पोरांना हाका मारल्या. अक्काने तोवर बोटाचं, तीन मोजण्याचं आणि नाकाचं सगळं तंत्र करून दाखवलं होतं.

लिंबाखाली पाहुण्या बायका बसल्या. अ ची पोरं आली, कोणी शब्द वाचले, कोणी गोष्ट. मग ब ची सुरू झाली. पहिल्याने अक्षराखाली बोट ठेवलं, थांबला, बाईंच्या तोंडाकडे बघितलं, खाली बघितलं, नाक खाजवलं. दुसऱ्याने तेच. तिसरीने तेच. राजवीरने जुलैत अख्खी गोष्ट धडाधड वाचून दाखवली होती. त्यानेही बोट ठेवलं आणि नाक खाजवलं. अकराव्या पोराच्या वेळी बाईंनी विचारलं, गावात कसली साथ आहे का. हातपंपाकडून अक्का म्हणाली, थंडीची आहे.

नीतू घराच्या दारात उभी होती. तिला दुसऱ्या-तिसऱ्या पोरालाच कळलं. अख्खं गाव तिच्यासाठी उभं राहिलं होतं आणि तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बसा, खाली बसा. तेविसावी चिऊ आली. तिने सगळ्यांपेक्षा चांगलं केलं.

संध्याकाळी चिऊ म्हणाली, "आता येतं का?" नीतू म्हणाली, निकाल लागू दे. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं, तिसऱ्या दिवशीही. पुठ्ठे मयुरेशने मोजून परत नेले होते. धीरजने भुईमूग लावायला रान नांगरलं आणि दगडापाशी विळ्याने लिहिलेलं सगळं मातीत गेलं. आठ-दहा दिवसांनी चिऊने विचारायचं सोडलं.

संस्थेने तपासणीचा कागद शिक्षण खात्यालाही दिला होता, आणि मार्चमध्ये एक अधिकारी गाडीतून उतरले. तेवीस मुलांना एक अक्षर ओळखता येत नाही, मग हा मास्तर करतो काय, हे बघायला. उमाशंकर माट्साबांनी आदल्या दिवशी वर्गात राजवीरकडून आख्खा धडा वाचून घेतला होता. ते निवांत होते. त्यांनी ब ची पोरं रांगेत उभी केली, राजवीरला पुढे घेतलं, पुस्तक उघडलं आणि हसून म्हणाले, "वाच बेटा."

राजवीरने अनोळखी माणूस बघितला, त्याच्या हातातला कागद बघितला. घरी त्याला कोणी सांगितलं नव्हतं की ते आता संपलं. त्याने अक्षराखाली बोट ठेवलं.

माट्साब म्हणाले, काल तर वाचलंस. राजवीरने नाक खाजवलं. दुसऱ्याला पुढे घेतलं. मग तिसरीला. माट्साबांचा आवाज आधी गोड होता, मग मोठा झाला, मग ते पोरीसमोर गुडघे टेकून बसले आणि हात जोडले. खडूने पांढरे झालेले हात. अधिकारी घड्याळ बघत होते. नीतू फाटकाबाहेरच्या हातपंपावर घागर भरत होती. एक वाक्य बोलायचं होतं. पण निकाल लागायचा होता, पुढच्या वर्षाचं काम ठरायचं होतं, धीरज त्या दिवशीही दुसऱ्यांच्या शेतात लसूण उपटत होता. घागर भरून वाहायला लागली तरी तिने पंप हापसायचा थांबवला नाही.

माट्साबांची बदली निसरपूरकडे झाली. जाताना ते नीतूच्या ओसरीपाशी थांबले. त्यांना कळलं होतं, बहुधा त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाले, "सतरा वर्षं झाली इथे. मी एवढी एकसारखी शिकवलेली मुलं कधी पाहिली नाहीत." नीतूने पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्यायले आणि गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. सिमेंट मात्र अजून तिथेच होतं.

एप्रिलमध्ये देवासला बैठक झाली. नीतू पहाटेची बस धरून गेली. सगळ्या दीदी पंख्याखाली बसल्या होत्या, पडद्यावर रेघा होत्या. शोधाच्या मोठ्या बाई, ऋजुता मॅडम, फार गोड बोलल्या. सगळ्या गावांत अ आणि ब जवळपास सारखेच निघाले. म्हणजे तासभर वेगळं शिकवल्याने फरक पडत नाही, असं दिसतं. दीदी मान खाली घालून बसल्या होत्या. कोणाच्या गावात दगड होता, कोणाच्या गावात ओढा, पण सगळीकडची पोरं संध्याकाळी एकत्रच खेळत होती.

फक्त एका गावात फरक होता, आणि तो प्रचंड होता. नीतूने मान वर केली.

मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमची काही चूक नाही. पण तुमच्याकडची ब ची मुलं जुलैपेक्षा मागे गेली आहेत. तेवीसच्या तेवीस शून्यावर. असं खरं नसतं. कुठेतरी मोजण्यात घोटाळा आहे. म्हणून आम्ही तुमचं गाव वगळून हिशेब केला."

प्रकल्प तिथेच थांबला. ब चा नंबर लागणार नव्हता. पुढच्या वर्षी वेगळा शोध होता, की मास्तरांना रोज मोबाइलवर आठवण करून दिली तर ते जास्त चांगलं शिकवतात का. खेडीपुऱ्याचं नाव त्या यादीतही नव्हतं, कारण तिथे मास्तर नव्हता. मयुरेशने बस स्टँडपर्यंत सोडलं. त्यालाही पुढचं काम नव्हतं. सगळ्या दीदींना एकेक प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी काठाचं, मधे मोठ्या अक्षरांत नाव.

ऊन उतरता उतरता ती गावात पोहोचली. घरी न जाता शेताकडे वळली. तुकाराम आणि चिऊ दगडावर बसली होती. वर्ग बंद होऊन दोन महिने झाले होते, तरी तीन वाजले की दोघं तिथे येऊन बसायची. चुना बराचसा निघाला होता.

तुकारामने सुनेकडे बघितलं आणि दगडावर जरा सरकून घेतलं. नीतू चिऊसमोर मातीत बसली, प्रमाणपत्र उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

"वाच."

चिऊने आईकडे बघितलं. "आज येतं?"

"आज येतं. आता रोज येतं. इथे माझं नाव आहे बघ. वाच."

चिऊने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. नीतूने मनात मोजलं. एक. दोन. तीन. चिऊने वर, आईच्या तोंडाकडे बघितलं. मग खाली बघितलं. नीतूला हसू यायला लागलं. आता नाक, तिने स्वतःशी म्हटलं. आता नाक खाजवेल, आणि मी तिला एक चापट मारीन, आणि मग ती वाचेल.

चिऊचा हात वर गेला नाही. बोट त्या अक्षराखाली तसंच होतं. तिने पुन्हा आईकडे बघितलं आणि ती वाट बघत बसली.